जॅमच्या बरणीतले छर्रे

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

ही वही शाळेने मला निवृत्तीच्या दिवशी दिली. एकतीस वर्षं तीनशे पोरांचं जेवण रांधलं, त्याबद्दल एक वही. सात वर्षं ती कोरीच होती. आज इस्पितळाच्या बाकावर बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून उघडली.

सिरिल पडला. चाळीस वर्षं हा माणूस अंधारात खाडीच्या चिखलात जातो आणि धडधाकट परत येतो. आज मात्र आमच्याच शेडमध्ये, पक्ष्यांना भुलवायच्या लाकडी बदकांचं पोतं काढायला कांद्याच्या पेटीवर चढला आणि पेटीने दगा दिला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला आत नेताना त्याने माझा हात घट्ट धरला. वाटलं, बेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाचं काहीतरी गोड बोलणार. तर म्हणाला, "म्युरिएल, हॅनाचं काय होणार?"

हॅना म्हणजे आमची बंदूक. दुनळी, आठ बोरची, बाहेर दोन घोडे असलेली. सिरिलच्या आजोबांनी बर्मिंगहॅमहून करवून आणली. गावातल्या बहुतेकांच्या बंदुका बारा बोरच्या, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, हातात काठी धरल्यासारख्या. हॅनाच्या नळीत माझा अंगठा जातो आणि तिचं वजन चौदा माणसांच्या नाताळच्या टर्कीएवढं आहे.

गावातल्या 'थ्री टर्न्स' पबच्या भिंतीवर एक काळी पाटी आहे. तिच्यावर पाच जुन्या थोराड बंदुकांची नावं रंगवलेली आहेत, आणि एकेका नावाची खाडीत एकेक राखीव घळ आहे. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी त्या घरच्या माणसाने बंदूक घेऊन आपल्या घळीत बसायचं आणि दहाच्या आत पबच्या टेबलावर बंदुकीशेजारी पक्षी ठेवायचा. एक वर्ष हात हलवत आलं तर माफ. सलग दोन वर्षं आलं तर नाव खरवडतात आणि घळ रांगेतल्या पुढच्याला जाते. गेल्या वर्षी असं धुकं होतं, की रानहंससुद्धा चालत गेले असतील. पाचही जण हात हलवत आले.

म्हणजे यंदा पक्षी हवाच. आणि सिरिलला काठीवर चालायलाच फेब्रुवारी उजाडेल म्हणतात.

सोमवार, १२ नोव्हेंबर

मिस्टर गॉट्स द्राक्षं घेऊन आले. हे शिकार मंडळाचे सेक्रेटरी. दात उपटायचा धंदा सोडून सहा वर्षांपूर्वी गावात आले, लिलावात एक आठ बोरची बंदूक घेतली आणि तेव्हापासून घळीच्या रांगेत पहिले उभे आहेत. सिरिलच्या हाडाची चौकशी त्यांनी इतकी बारकाईने केली, की डॉक्टरनेही केली नव्हती. किती आठवडे, काठी कधी, चिखलात कधी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? शेवटी मीच म्हटलं, "आमची घळ उत्तरेकडे तोंड करून आहे, मिस्टर गॉट्स. गार लागते. गरम मोजे घ्या." ते द्राक्षं ठेवून गेले. बियांची होती.

रविवार, १८ नोव्हेंबर

ठरलं. मी जाणार.

परवाना माझ्या नावावर आहेच. सिरिल कपाटाच्या किल्ल्या हरवतो, म्हणून सोळा वर्षांपूर्वी पोलिसांकडून मीही काढून घेतला. घरच्या माणसाने जायचं असा नियम आहे. घरच्या पुरुषाने असं कुठेही लिहिलेलं नाही, मी पाटीखालचा कागद चष्मा लावून वाचला. नवीन माणसाने पक्षी ओळखायची परीक्षा द्यायची आणि जुन्या सभासदाबरोबर तीनदा खाडीत जायचं, एवढीच अट आहे.

सिरिलला इस्पितळात सांगितलं. मला वाटलं त्याचे डोळे भरून येतील. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, राहू दे, नाव गेलं तर गेलं, पाटी म्हणजे काय शेवटी एक लाकूड. ज्या पाटीसाठी हा माणूस स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला उशिरा पोचला, ती माझ्यासाठी सोडायला तयार झाला. इतकं प्रेम पोटात ठेवून माणूस बेचाळीस वर्षं गप्प कसा बसतो? मी त्याच्या कपाळावर ओठ टेकवले आणि आता तर जाणारच असं सांगितलं. त्याने नर्सकडे झोपेची गोळी मागितली.

शनिवार, २४ नोव्हेंबर

शेजारच्या नॉरिस पेगने शिकवायचं कबूल केलं. आमच्या घळीपलीकडे ऐंशी पावलांवर तो बसतो, बारा बोरची घेऊन, त्याची काळी लॅब्रेडॉर टेसी शेजारी. एकटा जीव, अंडंही उकडता येत नाही. तरी पोट एवढं कसं सुटलं, देव जाणे.

परीक्षाही आजच झाली. मिस्टर गॉट्स चित्रं दाखवत होते आणि मी नावं सांगत होते. विजन, टील, पिनटेल ही बदकं, गुलाबी पायांचा रानहंस. चाळीस वर्षं ज्यांची पिसं उपटली त्यांना मी ओळखणार नाही? एका चित्रावर मात्र अडले. म्हटलं, याच्या पायांचा रंग चुकलाय. ते म्हणाले चित्र बरोबर आहे. नॉरिसने पुस्तक आणून दाखवलं. चित्र चुकलं होतं. वीसपैकी वीस.

शनिवार, १ डिसेंबर

सिरिल घरी आला. चालायच्या आधाराची चौकट घेऊन बैठकीच्या खोलीत पलंगावर राज्य करतो आहे.

सकाळी नॉरिसबरोबर पहिल्यांदा खाडीत गेले, बंदूक न घेता. अंधारात बांध ओलांडायचा, भरती कुठून चढते ते बघायचं, घळीच्या काठाला पाठ लावून बसायचं आणि गप्प राहायचं. मी गप्प राहिले. नॉरिसने दोनदा विचारलं, बरी आहेस ना. उजाडता उजाडता समुद्राकडून हंस आले. हजारभर तरी असतील, बिटाच्या शेतांकडे निघालेले, सगळे एकाच वेळी बोलत होते. मी त्यांना आजवर फक्त स्वयंपाकघराच्या टेबलावर पाहिलं होतं. थवा दिसेनासा होईपर्यंत मी वर बघत राहिले. सिरिल इतकी वर्षं कुठे जात होता ते कळलं. घरी येऊन त्याला म्हटलं, "हे मला कधी सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "काय?" आणि घाबरल्यासारखा दिसला. म्हटलं, "हंस किती सुंदर दिसतात ते." मग तो खूपच मोकळा झाला आणि दोन बटाटे जास्त खाल्ले.

सोमवार, ३ डिसेंबर

हॅनाची काडतुसं शोधली. शेडमधल्या फळीवर पत्र्याचा डबा सापडला, सिरिलच्या अक्षरात '१९९७, पंचवीस' लिहिलेलं. मोजली तर तेवीस भरली. पंधरा वर्षांत दोन काडतुसं. आमच्या चर्चमधल्या बायकांचे नवरे दर हंगामाला खोकी रिकामी करतात आणि हा माझा नवरा! कंजूष म्हणा, पण नेम असावा तर असा.

नॉरिसला डबा दाखवला. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. म्हणाला, ही शिशाची आहेत, शिशाला निन्याण्णव सालापासून बंदी आहे, बदकं ते टिपून मरतात. मी विचारलं, मग सिरिल हल्ली कोणती वापरतो? नॉरिस म्हणाला, "मी तुला नवी भरून देतो," आणि टेसीच्या कानात काय गेलंय ते बघायला लागला. त्या कुत्रीच्या कानात नेहमी काहीतरी जातं.

शनिवार, ८ डिसेंबर

आज हॅना उडवली. बांधावर, उलट्या बादलीवर. अंगरख्याच्या उजव्या खांद्यात मी चहाच्या किटलीची लोकरी टोपी शिवून घेतली आहे, ती पिवळी, कोंबडीच्या आकाराची. नॉरिसने एकच काडतूस दिलं आणि तीन गोष्टी बजावल्या. एक, दस्ता खांद्याला घट्ट लाव. दोन, एका वेळी एकच नळी भर, कारण डावीकडचा चाप झिजला आहे आणि उजवीच्या धक्क्याने डावीही सुटते. नॉर्विचला दुरुस्तीला पाठवली तर वसंतापर्यंत परत येत नाही, म्हणून असंच सांभाळून घ्यायचं. "सिरिलला विचार, अठ्ठ्याण्णव साली त्याला…" एवढं बोलून तो टेसीला हाका मारायला लागला. टेसी त्याच्या पायाशीच बसली होती.

अठ्ठ्याण्णव सालीच सिरिल बांधावरून घसरला आणि गळपट्टीचं हाड मोडून घरी आला होता. काही वर्षं माणसाला सगळ्याच बाजूंनी वाईट जातात.

तिसरी गोष्ट काडतुसांची. ही बिस्मथची आहेत, शिशासारख्या मऊ धातूची. चुकूनही स्टीलचे छर्रे या नळ्यांत घालू नकोस, जुनं लोखंड आहे, नळी फुगेल. स्टील फक्त त्याच्या बारा बोरसारख्या नव्या बंदुकांना चालतं.

मग चाप ओढला. दोन पावलं मागे गेले, बादली मात्र चाळण झाली. खांदा निळा होणार. मजा आली, खोटं कशाला लिहू.

रविवार, ९ डिसेंबर

रात्रभर एकच विचार डोक्यात. आमच्या ओट्याच्या खिडकीत जॅमची बरणी आहे. सिरिलने आणलेल्या प्रत्येक हंसातले छर्रे मी तिच्यात टाकते. पाहुणे आले की तो ती हलवून दाखवतो. पूर्वी छर्रे बोटांनी चाचपून काढावे लागत. दोन हजार साली एका छर्र्याने माझ्या दाढेचं भरण उडवलं, तेव्हापासून फ्रीजवरचं चुंबक, क्रोमरहून आणलेला लाल खेकडा, घेते आणि मांस चिरताना वरून फिरवते. हल्लीचे छर्रे सुधारले आहेत, आपणहून चुंबकाला येऊन चिकटतात. मी खुशाल समजत होते की ही प्रगती आहे.

पण चिकटतात म्हणजे ते स्टील. आणि स्टील हॅनाला चालत नाही. मग सिरिल हंस मारतो कशाने?

एकच उत्तर आहे. सिरिलने चोरून दुसरी बंदूक घेतली आहे.

गुरुवार, १३ डिसेंबर

माळा पाहिला. कोळशाची खोली पाहिली. कोंबड्यांचं खुराडं पाहिलं; कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. बंदूक नाही.

सिरिल पलंगावरून सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "काय शोधतेस?"

"तुला माहीत आहे."

तो बराच वेळ पांघरुणाचा दोरा ओढत बसला. म्हणाला, "मी सांगणारच होतो, म्युरिएल. आधी वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. मग इतकी वर्षं झाली की सांगायला लाज वाटायला लागली."

"ती आहे कुठे?"

"ती कोण?"

एवढा भोळा चेहरा करतो की वाटावं दुधाचे दातही पडले नसतील. मी तावातावाने बाहेर गेले आणि पाहुण्यांच्या खोलीतली गादी उसवली.

मंगळवार, २५ डिसेंबर

नॉरिसने दारात हंस ठेवला आणि जाताना म्हणाला, नाताळचा आहे. मी त्याला सुक्या मेव्याचा केक दिला, तो त्याने मापून पाहिल्यासारखा हातात तोलला. यंदा एवढा एकच दिला. खरं तर दर खेपेला मी सिरिलबरोबर असा अख्खा केक देते आणि डबा रिकामा परत येतो. सिरिल काठीसारखा बारीक आहे. कुठे जिरवतो कुणास ठाऊक.

हंस भाजला. खेकडा फिरवला. तीन छर्रे चिकटले. सिरिल ताटाकडे बघत राहिला आणि म्हणाला त्याला भूक नाही.

तिन्ही खेपा पुऱ्या झाल्या, कागदावर सही झाली. आता फक्त तो शनिवार. तीन पिढ्यांचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं तर या गावात मी तोंड कसं दाखवू?

शनिवार, ५ जानेवारी

लिहायला बसले आहे, डाव्या हाताने. अक्षर लागणार नाही तरी चालेल, मला एकटीलाच वाचायचं आहे.

साडेपाचला निघालो. वारा समुद्राकडून, ढग खाली, म्हणजे हंस खालून येणार. पाचही बंदुका आपापल्या घळीत होत्या. मी हॅनाला मांडीवर आडवी घेऊन बसले, पिशवीत काडतुसं आणि सवयीने भरलेला केकचा डबा. उजाडताना पहिला थवा आला. उजवी नळी उडवली. हंसांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडे नॉरिसने दोन बार काढले, दोन हंस पडले. थोड्या वेळाने तो घळ ओलांडून आला. एक हंस माझ्या पिशवीशेजारी ठेवला, मला न विचारता पिशवीत हात घातला, केकचा डबा काढला आणि मोठा तुकडा तोंडात टाकला. हे सगळं इतक्या सहज, की दूधवाला दारात दूध ठेवून रिकामी बाटली नेतो ना, तसं.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तोंड केकने भरलेलं, डोळे मोठे.

मी म्हटलं, "नॉरिस, किती वर्षं?"

त्याने गिळायला बराच वेळ घेतला. "अठ्ठ्याण्णवपासून."

"सगळे?"

"सगळे. विकले नाहीत हं, विकायला बंदी आहे. नुसती अदलाबदल." मग चिखलाकडे बघत म्हणाला, "त्या साली हॅनाच्या दोन्ही नळ्या एकदम सुटल्या. तो बांधावरून नव्हता घसरला. मी त्याला या घळीतून ओढून काढला. त्यानंतर त्याने तिच्यात काडतूस घातलं नाही, म्युरिएल. येतो, बसतो, बघतो. कुणाला सांगू नकोस म्हणाला."

चौदा हंगाम. दर हंगामाला निदान वीस केक. आणि मी कोंबड्यांचं खुराडं उलथं पालथं केलं. चर्चच्या बायकांपुढे मी काय काय बढाया मारल्या ते आठवून चिखलात बसल्या बसल्या माझे कान तापले. नॉरिस म्हणाला, हा हंस घे, दहाच्या आत टेबलावर ठेव, झालं. मी म्हटलं, "तुझा हंस उचल आणि तुझ्या जागेवर जा." तो गेला. केक घेऊन गेला.

रागात माणसाला अक्कल नसते. दुसरा थवा अगदी खालून येत होता आणि मला वाटलं एक नळी चुकते तर दोन भराव्यात. भरल्या. दोन्ही घोडे चढवले. उजवा चाप ओढला.

पुढचं मला आकाश दिसलं. पाठ चिखलात, एक बूट कुठेतरी, किटलीची टोपी गळ्याशी. कानात चर्चच्या सगळ्या घंटा वाजत होत्या. आणि वर, आकाशातून, एक हंस माझ्या दिशेने खाली येत होता. दहा पावलांवर पडला. टेसी धावली, हंस उचलला आणि सवयीने आधी नॉरिसकडे बघितलं.

हलता येईना, म्हणून पडून राहिले. आणि तेव्हा कळलं. मी खांद्याला टोपी बांधून, एकदाच, हे सोसलं. सिरिलचं तर हाड मोडलं होतं. आणि तरी तो चौदा हंगाम त्याच घळीत, त्याच बंदुकीशेजारी थंडीत येऊन बसला, आजोबांच्या बंदुकीचं नाव पाटीवर राहावं म्हणून. मला तो भित्रा वाटला नाही. मला रडू आलं. तोंडावर एवढा चिखल होता की नॉरिसला काही दिसलं नसावं.

दहाला पाच मिनिटं असताना 'थ्री टर्न्स'च्या टेबलावर हॅना ठेवली, शेजारी हंस. एका पायात बूट, दुसऱ्यात नॉरिसचा मोजा. मिस्टर गॉट्स पाटीखाली उभे होते, खिशात खरवडणी असावी असा संशय. म्हणाले, "अभिनंदन, मिसेस थॅक्स्टर. फक्त नियम म्हणून विचारतो. शेजारच्या घळीतूनही बार ऐकू आले. पक्षी हॅनाचाच ना?"

मी हंसाच्या मानेत नखाने चाचपून एक छर्रा काढला, मग नॉरिसच्या हंसातून दुसरा. पिशवीतून क्रोमरचा खेकडा काढला. सिरिलच्या दुसऱ्या बंदुकीबद्दल नॉरिसला पुराव्यासकट छेडायचं, म्हणून सकाळी निघताना तो मी बरोबर घेतला होता. नॉरिसच्या छर्र्यावरून फिरवला. छर्रा टुणकन चिकटला. माझ्या छर्र्यावरून फिरवला. तो जागचा हलला नाही.

"बिस्मथ," मी म्हटलं. "बारा बोरवाला ते कशाला भरेल?"

टाळ्या पडल्या. मिस्टर गॉट्सनीही वाजवल्या, आणि माणूस अगदीच वाईट नाही, कारण नंतर खेकडा हातात घेऊन कौतुकाने म्हणाले, "काय साधी सोपी तपासणी आहे. सिरिलच्या त्या छर्र्यांच्या बरणीबद्दल ऐकून आहे मी. सोमवारी येऊ का? मंडळाच्या इतिहासासाठी तिचीही करून टाकू."

नॉरिसचा केक घशात अडकला. मी म्हटलं, "या की. चहालाच या."

रविवार, ६ जानेवारी

जेवणानंतर बरणी सिरिलच्या पलंगावर आणली, ताटात उपडी केली आणि खेकडा घेऊन बसले. फिरवायचा, चिकटलेले झटकायचे, पुन्हा फिरवायचा. नवे चकचकीत छर्रे एका बाजूला, मळकट शिशाचे दुसऱ्या बाजूला. सिरिल बघत होता. अर्ध्या तासाने त्याने हात पुढे केला, माझ्या हातातून खेकडा घेतला आणि स्वतः फिरवायला लागला. त्याचे डोळे वाहत होते. माझेही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला शाळेच्या स्वयंपाकघराने शिकवलं आहे. सोजीत काय काय गेलं ते मीही कुणाला सांगितलं नाही.

शेवटी तो म्हणाला, "खांदा खूप दुखतो का?"

मी म्हटलं, "तुला माहीत आहे किती दुखतो ते."

सोमवार, ७ जानेवारी

मिस्टर गॉट्सनी बरणीवर खेकडा फिरवला. एकही छर्रा हलला नाही. तळाशी शिसं, वर माझे चार बिस्मथचे. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, गावात तर ऐकलं होतं की काठोकाठ भरली आहे. मी म्हटलं, "सिरिलचा स्वभाव आहे तो, थोडं वाढवून सांगायचा." सिरिलने मान खाली घालून कबूल केलं. मिस्टर गॉट्सना बिस्किटं आवडली.

उरलेले स्टीलचे छर्रे दुसऱ्या बरणीत भरून नॉरिसला नेऊन दिले. ज्याचं त्याला.

बुधवार, २० फेब्रुवारी

हंगामाचा शेवटचा दिवस. सिरिल काठीवर चालतो आहे. दोन आठवडे तो मला माझ्याच स्वयंपाकघरात शिरू देत नव्हता. पिठाच्या पाऊलखुणा पलंगापर्यंत जात होत्या.

पहाटे मी हॅना घेतली, एका नळीचंच काडतूस खिशात टाकलं आणि निघाले, तेव्हा तो दारात उभा होता, हातात केकचा डबा. माझाच डबा. झाकण उघडून पाहिलं. केक एका बाजूला चढलेला, दुसऱ्या बाजूला खचलेला, वर मनुके एकाच कोपऱ्यात जमलेले.

"अर्धा नॉरिसला दे," तो म्हणाला. "आणि हंसांकडे माझ्या वतीने बघून ये."

"अर्धाच का?"

"उरलेला तू खा. बंदूक तुझी, केक माझा."

थवे उंचावरून गेले, मी बार काढलाच नाही. नॉरिस घळ ओलांडून आला तो मोकळ्या हातांनी. केक मधोमध कच्चा होता. आम्ही दोघांनी सगळा संपवला.